दहापैकी चाळीस

"दहापैकी! अहो, दहापैकी विचारताहेत त्या! चाळीस काय सांगता, चाळीस?"

बायको एवढ्या जोरात ओरडली की बाहेर बाकावर बसलेल्या निम्म्या पेशंटांच्या आखडलेल्या माना तिथल्या तिथे मोकळ्या झाल्या असतील, फुकटात. रिसेप्शनवरच्या मुलीनं दार किलकिलं करून आत पाहिलं. डॉक्टरबाईंचं पेन कागदाच्या वर चार बोटं तसंच थांबलं. आणि मी, ज्याच्या दुखण्यापायी ही वरात निघाली होती, तो वजनकाट्यावर उभा होतो. खुर्चीत मला बसवत नव्हतं आणि त्या खोलीत उभं राहायला दुसरी मोकळी जागा नव्हती.

"बरं, चाळीस जास्त वाटत असेल तर पस्तीस लिहा," मी म्हणालो.

"बघा!" बायको डॉक्टरबाईंकडे वळली. "पोह्यांवर शेव किती घालू विचारलं तर हा माणूस पोतंभर म्हणतो. ह्यांचं दुखणं खरं किती नि वरून टाकलेलं किती, ते तुम्हीच निवडा आता. ओला कचरा, सुका कचरा सगळा वेगळा करते मी. ह्यांचं नाही करता येत."

बायकोचं चूक नाही. आमच्या इंदुरात भर घातल्याशिवाय कुणी काही वाढत नाही, ना पोहे ना बातमी. त्यात मी तर अगदी लहानपणापासून सढळ हाताचा. शाळेत मला एकदा कुत्रा चावला होता, तो घरी येईपर्यंत लांडगा झाला होता आणि आजोळी पोचेपर्यंत बिबट्या. लोक हसतात, मग मला आणखी चेव येतो. पण ह्या धंद्यात एक गोम आहे, ती मला पन्नाशी उलटल्यावर कळली. बिबट्याची गोष्ट सांगणाऱ्याला खरोखर काही चावलं, तर तो ओरडतो आणि ऐकणारे टाळ्या देतात.

दुखणं उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली, मणक्याच्या अंगाला. आकारानं रुपयाच्या नाण्याएवढं. सुरुवातीला तिथेच असायचं. मग ते फिरायला लागलं. सकाळी मानेत, दुपारी बरगडीत, संध्याकाळी कोपरापर्यंत फेरफटका. नगरपालिकेच्या इन्स्पेक्टरसारखं: कधी येईल सांगता येत नाही आणि आलं की घरातला प्रत्येक कोपरा उघडून बघतं. बसलो की वाढतं, आडवा झालो की वाढतं, उभा राहिलो की जरा नमतं घेतं, पण पाच मिनिटंच. म्हणून मी चालायचो. जेवताना चालायचो, टीव्ही चालता चालता बघायचो, दाढी करताना सुद्धा आरशासमोर डाव्या पायावरून उजव्या पायावर. घरातल्या घरात एवढा चाललो की सरळ रेषेत चाललो असतो तर रामेश्वर करून परत आलो असतो. बायको म्हणायची, "जरा एका जागी थांबा हो, मला गरगरतंय." हे सुद्धा मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून लिहितोय. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम मला दिलेलं आहे.

आता डॉक्टरांना पाच महिने जे सांगितलं नाही ते तुम्हांला आत्ताच सांगून टाकतो. म्हणजे पुढे तुम्ही तरी माझ्यावर ओरडणार नाही.

पीथमपुरात गाड्यांचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे, तिथे मी टाइम ऑफिसात आहे. कोण किती वाजता आलं, कोण किती वाजता गेलं, कुणाची सुट्टी, कुणाची बुट्टी, सगळं माझ्याकडे. सव्वीस वर्षं. सकाळी कंपनीची बस आमच्या नाक्यावरून जाते. जाताना एक तास, येताना एक तास मी बोलतो आणि बस हसते. बसमध्ये माझी जागा ठरलेली आहे, डावीकडे चौथी रांग. ती जागा रोज एक जण माझ्यासाठी धरून ठेवतो. मेंटेनन्समधला फिटर, जुनी इंदूर भागात राहणारा, मालवी माणूस. एकोणीस वर्षं आम्ही मांडीला मांडी लावून बसतो. मी चढलो की तो आपली डब्याची पिशवी उचलतो, सीटवर हात फिरवून धूळ झटकतो आणि म्हणतो, "आओ भिया, आज कौन-सी सुना रिये हो?"

पाच महिन्यांपूर्वी नव्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "आपको तो सब जानते हैं. बारह लोग कम करने हैं. नाम आप दे देंगे तो किसी को बुरा नहीं लगेगा. सोच लीजिए, जल्दी नहीं है."

जल्दी नहीं है! घाई असती तर मी त्याच दिवशी काहीतरी थाप मारून सुटलो असतो. सवड दिली आणि मला मारलं. मी एक कोरा कागद घेतला, एक ते बारा आकडे घातले आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. पुढे एक अक्षर लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती. कुठल्याही हिशेबानं पहिलं नाव माझ्या सीटवाल्याचं येत होतं. गुडघा गेलेला, वर्षाकाठी सुट्ट्या भरपूर, जेवणाच्या सुट्टीनंतर पंच मारायला उशीर ठरलेला. हे सगळं मलाच ठाऊक, कारण त्याच्या उशिराकडे एकोणीस वर्षं काणाडोळा मीच केला होता. आणि त्याच माणसाशेजारी बसून मी रोज बिबट्या सोडत होतो. साहेब महिन्यातून एकदा व्हरांड्यात भेटत. "हुआ?" मी म्हणायचो, "चल रहा है, सर."

त्याच आठवड्यात खांद्याखाली ते नाणं आलं. तुम्ही म्हणाल, एवढं उघड असून ह्या माणसाला कळलं कसं नाही? अहो, पाठीमागचं आपल्याला दिसत असतं तर तिला पाठ कोण म्हणालं असतं?

मग सुरू झाली यात्रा. एक्स-रे नॉर्मल. रक्त नॉर्मल. त्या नळकांड्यात घालून मशीन अर्धा तास माझ्या कानाशी हातोडे मारत राहिलं, ते पण नॉर्मल. बायकोनं देवापुढे पेढे ठेवले. मी मात्र खचलो. रिपोर्ट नॉर्मल आलेल्या आजाऱ्याइतका कमनशिबी माणूस नाही. त्याला कुणी बघायला येत नाही, फळं आणत नाही. ऑफिसात म्हणतात, चला, बरं झालं, काही निघालं नाही. नाक्यावर पोह्याच्या गाडीशी उभ्या असलेल्या सात जणांनी मला सात औषधं सांगितली आणि आठव्यानं विचारलं, "पण भिया, झालं कशानं?"

कशानं! इथेच माझी गाडी घसरली. मला दुखणं सहन होत होतं, पण गोष्ट नसलेलं दुखणं सहन होईना. हा मनुष्य लग्नाच्या पंगतीत वाढलेल्या मठ्ठ्याची सुद्धा गोष्ट करतो, आणि एवढी मोठी कळ, तिला ना आगा ना पिच्छा?

हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठे पडला होतात का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "पडलो? डॉक्टरसाहेब, मानपुरच्या पुढे घाटात स्कूटरसकट तीन कोलांट्या! मागून ट्रक. एका हातानं स्कूटर उचलली आणि बाजूला झालो, नाहीतर आज तुमच्यासमोर फोटो आला असता." डॉक्टरांनी लिहून घेतलं.

मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांनी विचारलं, "पाठीला जुना मार?" मी म्हणालो, "गौतमपुरा." दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे हिंगोट खेळतात. हिंगोट नावाच्या फळात बंदुकीची दारू भरून, पेटवून दोन गावं एकमेकांवर फेकतात. "त्यातलं एक येऊन बसलं इथे, फऱ्याखाली. मी ते तसंच पेटलेलं काढलं आणि परत फेकलं." त्यांनी पण लिहून घेतलं, आणि माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं असं मला वाटलं.

वैद्यांनी नाडी धरून विचारलं, "घराण्यात कुणाला?" तिथे तर मी स्वतःला आवरू शकलो नाही. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, एवढं खरं. बाकी भाला मी घातला. खापरपणजोबांना ह्याच जागी भाला लागला होता आणि तेव्हापासून प्रत्येक पिढीत थोरल्याला तिथे कळ येते, असं मी सांगितलं. वैद्य खूश. तीन पुड्या जास्त दिल्या.

मधल्या काळात पायाळू काकूही झाल्या. आमच्या गल्लीत एक काकू आहेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. जन्मताना त्यांचे पाय आधी आले. अशा माणसानं दुखऱ्या पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं आमच्यात मानतात. इंदुरात आमचं सगळं हळूहळू हिंदीत गेलं, भाजी हिंदीत, भांडण हिंदीत, पण उसण अजून मराठीतच उतरवून घेतो. तर मी त्यांच्या ओसरीत चटईवर पालथा पडलो. काकूंनी एक हात भिंतीला लावला आणि माझ्या पाठीवर तळवा टेकवला. सात वेळा टेकवायचा असतो.

"काकू, काय सांगू, आत जणू लोहाराचा भाता..."

"हलू नकोस. बोलू पण नकोस."

"पण काकू, काल तर असं झालं की मी जिना चढताना..."

काकूंनी चौथ्या वेळी पाय उचलला तो परत टेकवलाच नाही. "ऊठ. ही उसण नव्हे. उसण भरलेला माणूस श्वास घ्यायला घाबरतो. तू भाषण देतोयस."

"मग काय आहे?"

"मला काय ठाऊक? मी फक्त पाय लावते."

तर असा सगळ्यांकडून परत पाठवलेला मी त्या दिवशी वजनकाट्यावर उभा होतो. ह्या डॉक्टरबाई फक्त दुखण्याच्याच. वयानं तिशीच्या, आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी आमच्या पिशवीतल्या सगळ्या फायली काढल्या आणि टेबलावर एकापुढे एक मांडल्या. हे आधी कुणी केलं नव्हतं. जो तो आपलीच फाईल बघायचा.

"काका, इथे लिहिलंय स्कूटरचा अपघात, मानपुर."

"मानपुर?" बायको खुर्चीतून उठली.

"इथे लिहिलंय, गौतमपुरा, भाजल्याची जुनी जखम. आणि ह्या चिठ्ठीवर..." त्यांनी चिठ्ठी उजेडात धरली. "'कुळात भाला' असंच आहे ना हे?"

"कुठला भाला?" बायकोचा आवाज आता बाहेरच्यांच्या मानांवर न थांबता पार्किंगपर्यंत गेला. "आणि मानपुरला कधी पडलात तुम्ही? मी मागे बसले होते ना! चाक पंक्चर झालं होतं! झाडाखाली बसून भजी खाल्ली आपण, दोन प्लेट! गौतमपुऱ्याला तर आपण जाळीच्या मागे होतो, शंभर फूट लांब. ठिणगी उडाली तशी तुम्ही माझ्या मागे लपलात! माझी शाल धरून! हद्द आहे! डॉक्टरांना सुद्धा? स्वतःच्या तब्येतीत सुद्धा?"

मला वाटलं, डॉक्टरबाई हसतील. हसल्या असत्या तर मी सुटलो असतो, लगेच चौथी सुरू केली असती. त्या हसल्या नाहीत.

"काका, ह्या तीनही गोष्टी खोट्या आहेत. बरोबर?"

"हो."

"आणि दुखतंय, ते?"

"ते खरं आहे," मी म्हणालो. इतक्या बारीक आवाजात की मला माझाच आवाज ओळखू आला नाही. वजनकाट्याचा आकडा सुद्धा हलला नसेल. बायको पुढचं वाक्य घेऊन तयार होती, ते तिनं गिळलं आणि ती खाली बसली. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिला मोजूनमापून सांगितलेली ही पहिलीच गोष्ट असावी. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण घरात नेहमीच असलेल्या कपाटाला अचानक एक खण जास्त असल्याचं बघतो.

डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखत नाही असं नाही. तुटलेलं-फुटलेलं काही नाही, एवढाच त्याचा अर्थ. मनावर ताण असला की अंग आवळतं, बरेच दिवस आवळून राहिलं की त्याला तीच सवय लागते, आणि मग साधा स्पर्श झाला तरी आतून धोक्याची घंटा वाजते. "घंटा खरी असते, काका. नाटक नसतं. आता मला सांगा, पाच महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"

मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिथे काहीच आलं नाही. ना ट्रक, ना भाला.

"काही नाही," मी म्हणालो.

"ठीक आहे." त्यांनी एक साधी वही काढून दिली, काही व्यायाम दाखवले, एक गोळी लिहिली. "रोज तीनदा एक आकडा लिहायचा, दहाच्या आतला. आणि त्याच्या आधी काय चाललं होतं, ते एका ओळीत. गोष्ट नको. एक ओळ."

एक ओळ! मला उपाशी ठेवलं असतं तरी चाललं असतं. पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'सकाळी सात. आठ. बसमध्ये त्यानं जागा धरली.' पुढे लिहायला पेन वळवळत होतं, बोटं शिवशिवत होती. धरून ठेवलं. दुपारी: 'सहा. कँटीन, त्याच्या डब्यातली दालबाटी.' संध्याकाळी: 'पाच.' रविवारी सकाळी तीन. रविवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवसाची पिशवी भरताना, सात. साहेब व्हरांड्यात भेटले तो दिवस नऊ. दोन आठवड्यांत वही अशी काही भरली की मलाच ती उघडवेना. मी ती फ्रीजवर ठेवून द्यायचो आणि फ्रीजसमोरून चालणं टाळायचो. आमच्या घरात फ्रीज टाळून चालायचं म्हणजे बाल्कनीतच राहायला लागतं.

बायकोनं ती वाचली. वाचणारच. पोळ्या लाटता लाटता तिनं विचारलं, "हे रोज सकाळी सातला आठ का? त्यांनी जागा धरली, त्यात दुखण्यासारखं काय आहे?"

मी दोन फेऱ्या मारल्या. तिसरी मारायला वळलो तर ती दारात उभी.

मग सांगितलं. साहेब, केबिन, बारा नावं. एक अक्षर जास्त नाही. तुम्हांला सांगतो, खरं सांगायला किती थोडा वेळ लागतो! तव्यावरची पोळी फुगायच्या आत संपलं.

"बारा?" ती म्हणाली.

"बारा."

"आणि त्यांचं नाव?"

"पहिलं."

तिनं गॅस बंद केला. आता ओरडेल म्हणून मी खांदे आवळून तयार राहिलो. ती ओरडली नाही. म्हणाली, "आणि पाच महिने तुम्ही त्यांच्या डब्यातलं खाताय?"

ह्याच्यापेक्षा खापरपणजोबांचा भाला बरा. वहीत त्या रात्रीच्या जेवणापुढे आकडाच नाही. मी लिहिला नाही, कारण दहाच्या आत बसत नव्हता आणि चाळीस लिहायची मला आता लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यानं पिशवी उचलली, धूळ झटकली. "आओ भिया, आज कौन-सी?"

"आज कुठलीच नाही."

"तबियत?"

"तीच."

त्यानं मला खिडकीकडची जागा दिली. वाटेतल्या राऊपर्यंत तो गप्प बसला, आणि अख्खी बस मागे वळून वळून आमच्याकडे बघत होती, जणू इंजिनाचा आवाज बंद झालाय आणि गाडी तरी चालतेय.

गेटपासून केबिनपर्यंत मी मनात जे भाषण केलं तसं कुणी संस्थानच्या दरबारातही केलं नसेल. सव्वीस वर्षं, मीठ, माणुसकी, सगळं त्यात होतं. एक शेर सुद्धा जुळत आला होता. आणि उत्तरात काय येणार तेही मी पाहून ठेवलं होतं. साहेब टेबलावर मूठ आपटतील. शेडचे पत्रे उडतील. मला गेटबाहेर काढतील, सिक्युरिटीवाले दोन्ही बाजूंनी दंड धरतील आणि नेमकी उजव्या बाजूनं कळ येईल. किंवा ते विचारतील, मग पहिलं नाव तुमचंच लिहू का? त्याचंही उत्तर तयार होतं. ते उत्तर 'लिहा' असं होतं, पण ते आठवलं की पावलं परत गेटाकडे वळायची. घरी अजून मुलीचं लग्न आहे, माझी चार वर्षं बाकी आहेत. पाठ अशी तापली होती की शर्टावर भाकरी टाकली असती तर भाजून निघाली असती.

दार ढकललं. साहेब लॅपटॉपमध्ये होते.

"बैठिए."

"बैठा नहीं जाता, सर."

"बोलिए."

भाषणातलं पहिलं वाक्य शोधलं, सापडलं नाही. शेर तर नाक्यावरच राहिला असावा. खांद्याखालचं ते नाणं जागच्या जागी गरगर फिरत होतं. मी खिशातून तो कागद काढला, एक ते बारा आकडे आणि पुढे काही नाही, आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

"सर, वो बारह नाम मैं नहीं दूँगा."

एवढंच. मी दंड पकडले जाण्याची वाट बघत उभा राहिलो. साहेबांनी कागदाकडे एकदा पाहिलं, परत स्क्रीनकडे वळले आणि दोन-तीन बटणं दाबली.

"ठीक है," ते म्हणाले. "यही बात मेल कर दीजिए."